काळ्या मातीत एमटीबी (माउंटन बाइक) चालवताय? सामान घेताना या चुका टाळा

पावसाळा लागला की सायकलवाल्या मित्रांचे फोन सुरू होतात, भाऊ मडगार्ड कोणतं घेऊ. मी आधी उलटं विचारतो, चालवणार कुठे? कारण आपल्या नागपुरात फुटाळा-अंबाझरीच्या डांबरी रस्त्यावर उडणारं पाणी वेगळं आणि कळमेश्वर, काटोल, हिंगणा साइडच्या पांदण रस्त्यावरची काळी माती वेगळी. ही माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि मग ती टायरवरून झटकली जात नाही, थरावर थर चढत जाते. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये जो पातळ चिखल फवाऱ्यासारखा उडताना दिसतो ना, तो पाहून सामान घेतलं की इथेच पहिली चूक होते. मी आता कोणतीही वस्तू घेताना एवढंच पाहतो, ही चिखल धरून ठेवणार का सोडून देणार.

मडगार्ड पूर्ण झाकणारं घ्यायचं, ही सगळ्यात मोठी चूक

वाटतं असं की जितकं लांब मडगार्ड तितके कपडे स्वच्छ. मीपण तसंच केलं होतं, तारांवर बसणारं, चाकाला घट्ट लागून असलेलं लांब मडगार्ड लावलं आणि जुलैत एका पांदणीत शिरलो. थोडं अंतर गेलो नाही तर पुढचं चाक जाम, माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसलेली, धुऱ्यावर पडलेल्या पऱ्हाटीच्या काडीने खरडत बसलो, चार पावलं गेलं की परत तेच, शेवटी सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आलो. घरी येऊन तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ती माती वाळून दगड झालेली.

मडगार्ड वाईट नव्हतं, ते डांबरासाठी होतं. पांदणीसाठी पुढे ते छोटं लवचिक प्लास्टिकचं पान घ्या, केबल टायने फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांना बांधतात ते. डोळ्यात आणि तोंडावर येणारा चिखल ते अडवतं, काम तेवढंच आहे आणि तेवढं पुरतं. मागे सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला अडकवायचं, चाकापासून चांगलं उंच राहणारं. फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेपण शॉकअप असलेली सायकल असेल तर सीटवर जोरात बसून पाहा, सस्पेन्शन दबल्यावर टायर मडगार्डला लागतंय का. ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खालीवर करणारा दांडा) असेल तर त्याच्या खालीवर होणाऱ्या चकचकीत नळीला क्लॅम्प लावू नका, तिच्यावर ओरखडे पडले की सील खराब होतं.

आणि मडगार्ड घ्यायच्या आधी टायरच्या दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये आणि मागच्या फ्रेममध्ये जागा किती उरते ते पाहा. बोट सहज फिरत नसेल तर आधी टायरचा विचार करा.

रुंद टायर म्हणजे चांगली ग्रिप?

वाळूत हो, खडकावर हो. आपल्या काळ्या मातीत २.४ इंची टायर टाकला की बऱ्याच फ्रेमशी जागा कमी उरते आणि चाक लवकर अडकतं. त्यापेक्षा २.० किंवा २.१ चा, उंच आणि एकमेकींपासून दूर असलेल्या गुट्ट्यांचा (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा) टायर घ्या, गुट्ट्यांमध्ये जागा मोकळी असली की माती निसटायला वाव मिळतो. जवळजवळ दाणे असलेला टायर दोन मिनिटांत गुळगुळीत काळा गोळा होऊन जातो, मग त्याची नक्षी कशीही असो. हवापण थोडी कमी ठेवायची, पण बाजूवर छापलेल्या मर्यादेच्या आतच. मी ७० किलोचा माणूस, ट्यूबवाल्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास ठेवतो, याच्या खूप खाली गेलं की गोट्यावर आपटून ट्यूब चिमटते.

पंचरचं वेगळं सांगतो. बाभळीचा काटा चिखलात दिसत नाही आणि ओल्या, मातीने भरलेल्या ट्यूबवर विनागोंदाचा पॅच धरत नाही. म्हणून पूर्ण सुकी ट्यूब प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, पॅच घरी मारा.

तेल, ब्रेक

चेनला डब्ल्यूडी-४० मारून निघणं बंद करा. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, त्याच्या नावातच पाणी हटवण्याचं काम आहे, चेनमध्ये शिरलेलं पाणी बाहेर काढायला ते ठीक, पण पावसात चेनवर टिकणारं वंगण ते नाही. गाडीचं जळालेलं ऑइलपण नको, त्यात आधीच धातूची बारीक घाण असते. वेट ल्यूब (ओल्या हवामानासाठीचं चेनचं तेल) घ्या, चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, थोडा वेळ मुरू द्या आणि मग बाहेरून कपड्याने नीट पुसून काढा. ते पुसणं लोक हमखास विसरतात आणि मग म्हणतात ल्यूबने घाण जास्त धरली. स्प्रेवालं काही मारताना ब्रेकच्या डिस्कवर कपडा झाका, डिस्कला तेल लागलं की ब्रेक ओरडतो आणि लागतपण नाही.

ब्रेक पॅडमध्ये रेझिनचे पॅड चिखलात पटापट झिजतात, मेटलचे जास्त टिकतात. पण विकत घ्यायच्या आधी डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा, काही डिस्क फक्त रेझिन पॅडसाठीच असतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पॅडमध्ये रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढत जा, नाहीतर रिमच घासून जाते.

बाटलीकडे कोणी लक्ष देत नाही

खालच्या नळीवरची बाटली थेट पुढच्या चाकाच्या फवाऱ्यात असते आणि पांदणीतून गुरंढोरं रोज जातात. त्या चिखलात काय काय असतं सांगायला नको, जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो हे तर माहीतच आहे. तोंड झाकणारं टोपण असलेलीच बाटली घ्या, किंवा पाण्याची बॅग पाठीवर. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायच्या आधी झाका.

लाइटला किमान आयपीएक्स४ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) पाहा, ते फक्त शिंतोड्यांपुरतं असतं. झोडपणारा पाऊस लागणार असेल तर आयपीएक्स६ बरं. सीटखालच्या पिशवीत मोबाइल ठेवू नका, मागच्या चाकाचा सगळा मारा तिथेच येतो, फ्रेमच्या मधली पिशवी बरी. पेडल सपाट, खिळ्यांचं. क्लिपवाले बूट मातीने भरले की खटका बसत नाही, आणि बसला तर ऐन वेळी सुटत नाही.

धुताना वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनखाली सायकल देऊ नका. ते पाणी सील ओलांडून हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये शिरतं, आतलं ग्रीस धुऊन नेतं, आणि काही दिवसांनी कुरकुर सुरू होते. बादली, मऊ ब्रश, आणि माती वाळायच्या आत धुणं. वाळली असेल तर आधी भिजू द्या, खरवडू नका.

आता एक वस्तू, जी दुकानात कोणी आपणहून दाखवत नाही. डिरेल्युअरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, त्याला फ्रेमशी जोडणारा तो छोटा तुकडा. चिखलाने चेन अडकून राहिली आणि आपण जोर लावून पेडल मारलं की तो वाकतो किंवा तुटतो, कधी डिरेल्युअर थेट आऱ्यांत जाऊन चाकाचंपण नुकसान करतो. गिअर आपोआप उड्या मारून राहिला असेल तर तेल मारत बसण्याआधी मागून उभं राहून पाहा, हँगर सरळ आहे का. हा बऱ्याच फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून जुना काढून किंवा त्याचा फोटो घेऊन दुकानात जा, जुळवून एक घ्या आणि बॅगेत टाकून ठेवा, सोबत योग्य मापाची ॲलन की. आणि पांदणीत पेडल जड लागलं की जोर लावू नका, उतरा, काडीने चेन आणि चाक मोकळं करा, मग निघा.