कार्डांच्या ऑनलाइन सौद्यात भाव कसा करावा : सोलापूरच्या संग्राहकांसाठी

सोलापूरकराला भाव करायला शिकवावे लागत नाही. मंगळवार बाजारात माल हातात घेऊन उलटसुलट करावा, सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर बोली लावावी, दुकानदाराने मान हलवली की पाठ फिरवावी आणि चार पावलांवर "या हो, किती देता ते बोला" अशी हाक ऐकू येईपर्यंत थांबावे, ही रीत घरोघरी माहीत आहे. पोकेमॉन, मॅजिक, यु-गी-ओ किंवा क्रिकेटची संग्राह्य कार्डे विकणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यापुढे मात्र ही रीत चालत नाही, कारण तिथे पाठ फिरवलेली कोणाला दिसत नाही आणि मागून हाकही येत नाही. निम्म्या भावाची मागणी करणाऱ्याला विक्रेता उत्तर देण्याच्याही भानगडीत पडत नाही, कारण त्याच कार्डाखाली आणखी चार जणांनी विचारणा केलेली असते. त्यामुळे पहिला संदेश पाठवण्याआधी आपण किती माहिती जमवली आहे, यावरच इथला भाव बहुतांशी ठरतो.

सर्वांत आधी आपण नेमके कोणते कार्ड मागत आहोत, हे निश्चित करावे. पोकेमॉनच्या बाबतीत ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. १९९९ साली अमेरिकेत निघालेल्या बेस सेट या पहिल्या संचातील चॅरिझार्ड या पोकेमॉनच्या कार्डावर ४/१०२ हा क्रमांक असतो. त्या कार्डाची पहिली आवृत्ती, चित्राच्या चौकटीला सावली नसलेली म्हणजे शॅडोलेस छपाई आणि नंतरची अनलिमिटेड छपाई या तिन्हींचे चित्र एकच असले, तरी त्यांच्या भावांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बेस सेट २ मध्ये तेच चित्र ४/१३० या क्रमांकाने आले. २०२१ च्या सेलिब्रेशन्स संचात तर तेच कार्ड पुन्हा ४/१०२ याच क्रमांकाने छापले गेले, फक्त त्यावर पंचविसाव्या वर्षाचा छोटा शिक्का आहे. निव्वळ क्रमांक वाचून "जुना चॅरिझार्ड स्वस्तात मिळतो आहे" असे समजणाऱ्याची फसगत होते. त्याचप्रमाणे, क्रमांक जुळतो म्हणून नव्या कार्डाला जुन्याचा भाव सांगणारे विक्रेतेही भेटतात, आणि त्यांतील सगळेच लबाड असतात असे नाही. संच, क्रमांक, भाषा आणि छपाई या चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय भावाच्या शोधाला लागू नये.

भाव शोधताना मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत गल्लत होऊ देऊ नये. ईबे या आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एखाद्या कार्डासाठी कोणीही कितीही रक्कम लिहू शकतो, पण तिथेच 'विकलेल्या वस्तू' हा पर्याय निवडला की गेल्या सुमारे ९० दिवसांत प्रत्यक्ष झालेले व्यवहार दिसतात आणि आपला आधार तोच असतो. त्यातही एक खाच आहे. विक्रेत्याने ग्राहकाची कमी बोली मान्य केली असेल, तर मूळ किंमत आडवी रेघ मारून दाखवली जाते आणि खरी रक्कम झाकलेली राहते. अशी रेघ मारलेली किंमत प्रमाण मानू नये, कारण कार्ड त्याहून स्वस्तात गेले आहे एवढेच तिच्यावरून कळते. अमेरिकेतील टीसीजीप्लेअर, युरोपातील कार्डमार्केट आणि विक्रीच्या नोंदी एकत्र मांडणारे प्राइसचार्टिंग यांच्याशी ताडून पाहिले, म्हणजे एखाद्या हौशी माणसाने चढ्या भावात घेतलेल्या एकट्या कार्डावरून आपला अंदाज चुकत नाही. शेवटच्या पाच-सहा विक्री पाहाव्यात, त्यांतील सर्वांत चढी व सर्वांत उतरती बाजूला ठेवावी आणि उरलेल्यांवरून मनाशी एक आकडा धरावा.

हा आकडा डॉलरच्या दराने गुणून आपले बहुतेक विक्रेते भाव सांगतात, आणि घासाघिशीला खरी जागा इथेच असते. ईबेवर विकणाऱ्याला साधारण १३ टक्क्यांच्या आसपास शुल्क द्यावे लागते. भारतातून विकायचे तर परदेशी टपालाचा खर्च आणि महिनाभराची प्रतीक्षाही आलीच. म्हणजे पुण्यातल्या विक्रेत्याने तेच कार्ड तिकडे विकले असते, तरी पूर्ण रक्कम त्याच्या हाती पडली नसती. संग्राहकांच्या ऑनलाइन गटात थेट विकताना हे सारे वाचते, तेव्हा त्या बचतीतील काही वाटा मागणे गैर नाही. उलट बाजूही लक्षात घ्यावी. कार्ड जर त्याने परदेशातून मागवले असेल, तर टपालखर्च आणि सीमाशुल्क त्याच्या अंगावर पडलेले असते, आणि त्याच्याकडून आंतरराष्ट्रीय भावापेक्षा कमीत मागणे म्हणजे त्याला तोटा सोसायला सांगणे होय. म्हणून कार्ड इथेच कंपनीचे बंद पाकीट फोडून निघाले आहे की बाहेरून आणले आहे, हे बोलण्याच्या ओघात विचारून घ्यावे. इथे निघालेल्या सुट्या कार्डाला विकलेल्या भावाच्या ७५ ते ८५ टक्के देणे मला रास्त वाटते. आयात केलेल्या कार्डाच्या सांगितलेल्या भावात पाच-दहा टक्के सुटले तरी पुष्कळ झाले.

भावानंतर स्थिती पाहावी. विक्रेता 'एनएम' म्हणजे जवळजवळ नवे असे लिहितो, पण त्याचे एनएम आणि आपले एनएम एकच असेल याची खात्री नसते. किंचित वापरलेल्याला एलपी, मध्यम वापरलेल्याला एमपी आणि फार वापरलेल्याला एचपी म्हणतात, आणि प्रत्येक पायरीला भाव उतरतो. कार्डाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागावे, कारण चारही कडांवरचा आणि कोपऱ्यांवरचा पांढरेपणा पोकेमॉन कार्डाच्या निळ्या पाठीवर लगेच उठून दिसतो. चमकदार पृष्ठभागावरचे ओरखडे समोरून काढलेल्या छायाचित्रात लपतात. त्यासाठी दिव्याखाली कार्ड हळूहळू तिरपे करत काढलेला दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागवावा आणि तो सावकाश, थांबवून थांबवून पाहावा. नखाची खूण, छपाईची आडवी रेघ, पाकिटातून काढताना दबलेला कोपरा या गोष्टी अशाच वेळी दिसतात. त्याच व्हिडिओत विक्रेत्याचे नाव आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी, असाही आग्रह धरावा. दुसऱ्याचे छायाचित्र उचलून कार्ड विकायला काढणारे इथेच गळतात.

एक सूचना आपल्याकडच्या हवेविषयी. चमकदार कार्डाचा चंदेरी थर आणि कागद हवेतील ओलाव्याला सारखा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात मुंबईहून निघालेले कार्ड सोलापूरच्या कोरड्या हवेत आले की वाकू शकते. विक्रेत्याच्या छायाचित्रात कार्ड जरासे वाकलेले दिसले, तर तो मोठा दोष म्हणून भाव पाडून मागू नये. अनुभवी विक्रेता हसतो, आणि त्यानंतर आपण दाखवलेल्या खऱ्या दोषालाही किंमत देत नाही.

आता संदेशाविषयी. "लास्ट किती?" हा संदेश भारतातील प्रत्येक विक्रेत्याला रोज येतो आणि त्याला तितकेच तोकडे उत्तर मिळते. त्याऐवजी कार्ड, दोष, रक्कम आणि पैसे देण्याची वेळ या चारही गोष्टी एकाच संदेशात याव्यात. समजा, विक्रेत्याने टपालखर्च वेगळा धरून ४,००० रुपये सांगितले आहेत आणि आपल्या शोधात त्या कार्डाचा रास्त भाव ३,५०० निघतो. मग असे लिहावे : "नमस्कार सर. आपल्या पोस्टमधील हे कार्ड मला घ्यायचे आहे. मागच्या बाजूला वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढरेपणा दिसतो, म्हणून मी ते एलपी धरतो आहे. अलीकडे विकल्या गेलेल्या एलपी कार्डांचे दुवे सोबत देतो. टपालखर्चासह ३,२०० रुपये देऊ शकेन. आपल्याला जमत असेल तर आजच यूपीआयने पाठवतो." ३,२०० या बोलीमुळे ३,५०० पर्यंत चढायला जागा राहते, पण ती अपमानास्पद वाटत नाही. विक्रेता बहुधा ३,७०० वर येतो. तेव्हा लगेच मधला आकडा गाठू नये. "३,४०० आणि टपालखर्च माझ्याकडे" असे म्हणावे. सोलापूरपर्यंतचे टपाल शंभराच्या आसपास धरले, तर आपल्या खिशातून जाणारी रक्कम ३,५०० च राहते, आणि विक्रेत्याला मात्र पॅकिंग व टपालाच्या खर्चातून सुटल्याचे समाधान मिळते. तिसऱ्या फेरीनंतरही जुळले नाही, तर आभार मानून आपली बोली आठवडाभर कायम असल्याचे कळवावे आणि थांबावे. पुष्कळदा कार्ड विकले जात नाही आणि पाचव्या-सहाव्या दिवशी विक्रेताच निरोप धाडतो.

समोरची व्यक्ती महाविद्यालयात शिकणारा मुलगा असू शकतो किंवा दोन मुलांचा बाप असलेला नोकरदार. तेव्हा पहिल्याच वाक्यात "भाई, कर ना कमी" अशी सलगी करू नये. गंमत अशी की, आपल्या शहरात घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि हैदराबादच्या किंवा बेंगळुरूच्या विक्रेत्याशी त्याच्या भाषेत दोन वाक्ये झाली की जे काम इंग्रजीतल्या दहा संदेशांनी होत नाही ते सहज होते. ही आपली जमेची बाजू आहे आणि ती अवश्य वापरावी.

एका कार्डावर विक्रेता अडून बसला, तर त्याच्याकडची आणखी दोन-तीन कार्डे पाहावीत. सुटे महागडे कार्ड कोणीही घेऊन जातो; पन्नास-शंभर रुपयांची कार्डे मात्र पडून राहतात आणि त्यांतील प्रत्येकाला वेगळे स्लीव्ह म्हणजे प्लास्टिकचे आवरण, वेगळे पाकीट आणि वेगळा टपालखर्च विक्रेत्याला नकोसा झालेला असतो. "हे आणि ती चार मिळून एकरकमी इतके" असे म्हटल्यावर त्याचा हात लवकर सैल होतो. क्रिकेट अटॅक्ससारख्या खेळाच्या कार्डांत तर सुट्या साध्या कार्डासाठी भाव करण्यात अर्थच नाही, कारण टपालखर्च कार्डापेक्षा जास्त होतो. तिथे लॉटची, म्हणजे एकत्र गठ्ठ्याचीच बोली करावी.

वेळेचाही विचार करावा. नवा संच बाजारात येताच पहिल्या दिवसांत त्यातील कार्डांना अवाच्या सवा भाव सांगितला जातो आणि पाकिटे फुटू लागली की बहुतेक कार्डांचा भाव उतरतो; त्या गर्दीत घासाघीस करण्यापेक्षा महिनाभर थांबणे स्वस्त पडते. गटांवर होणाऱ्या क्लेम विक्रीत, म्हणजे जो आधी 'क्लेम' लिहील त्याचे कार्ड अशा विक्रीत, भाव करायचा नसतो. तिथे क्लेम करून नंतर कमी करा म्हणणाऱ्याचे नाव गटात वाईट होते आणि पुढे खरेदीच अवघड होऊन बसते. आपल्या तोंडून "घेतो" गेले की घ्यायचेच, हा नियम सगळीकडेच पाळावा.

परदेशी विक्रेत्याकडे ईबेवरून बोली लावायची असेल, तर 'बेस्ट ऑफर' म्हणजे कमी बोली लावण्याची सोय असलेल्या वस्तूच पाहाव्यात आणि बोली ठरवण्याआधी टपालखर्च व सीमाशुल्क मिळून घरपोच किती पडेल याचा हिशेब करावा. ईबेबाहेर येऊन स्वस्तात देतो असे कोणी म्हटले, तर नकार द्यावा. तसे करणे ईबेच्या नियमांत बसत नाही आणि माल न आल्यास पैसे परत मिळण्याची हमीही जाते.

भाव फारच सहज उतरला, तर थांबून विचार करावा. ८,००० चे कार्ड पहिल्याच संदेशावर ५,००० ला देणाऱ्याकडे ते कार्ड नसते, किंवा असते ते नकली असते. खेळण्यांच्या दुकानांत मिळणाऱ्या सोनेरी पोकेमॉन कार्डांच्या डब्यांमुळे नकली माल सर्वांच्या परिचयाचा आहे, पण चांगल्या प्रतीचे नकली कार्ड छायाचित्रात ओळखणे कठीण असते. कार्डांची तपासणी करणाऱ्या पीएसएसारख्या संस्थेने श्रेणी देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलेले कार्ड असेल, तर त्यावरील प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा आणि तिथे छायाचित्र असल्यास ते समोरच्या कार्डाशी ताडून पाहावे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. "परतावा देतो, पिन टाका" असे सांगणारा भामटा असतो. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढे सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. अनोळखी विक्रेत्याच्या मोठ्या कार्डासाठी पुण्यात प्रत्यक्ष भेट ठरवावी; सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येता येते, आणि कार्ड हातात घेऊन केलेली बोलणी केव्हाही चांगली.

पार्सल आले की न फोडलेल्या पाकिटापासून कार्ड बाहेर येईपर्यंतचा सलग व्हिडिओ काढावा. कार्ड सांगितल्यापेक्षा खराब निघाले, तर त्याच दिवशी व्हिडिओ पाठवून दोनच पर्याय स्पष्ट मांडावेत : एक तर विक्रेत्याच्या खर्चाने कार्ड परत घ्यावे, नाहीतर ठरलेली रक्कम आणि प्रत्यक्ष स्थितीचा भाव यांतील फरक परत करावा. तो फरक किती, हा आकडा आपणच, विकलेल्या कार्डांच्या दुव्यांसह लिहून पाठवावा. विक्रेत्याच्या मर्जीवर सोडलेली रक्कम बहुधा टपालखर्चाइतकीच निघते.