व्हिक्टोरिया धबधब्याला जाताय? आधी या चुका टाळा

झांबियाच्या राजधानीत, लुसाकात राहणाऱ्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. दोन दिवस जेट लॅग आणि गप्पा, मग गाडी काढून लिव्हिंगस्टन, आणि तिथे व्हिक्टोरिया धबधबा, इथल्या लोकांचा मोसी-ओआ-तुन्या. पाहुण्यांना १,७०८ मीटर रुंदी आणि १०८ मीटर उंची तोंडपाठ असते. आपण कोणत्या महिन्यात आणि झांबेझी नदीच्या कोणत्या बाजूला, झांबियाच्या की झिम्बाब्वेच्या, उभे राहणार आहोत, हे मात्र बहुतेकांनी बघितलेलं नसतं. गेली काही वर्षं त्याच त्या चुका बघून मी अक्षरशः कंटाळले आहे. इतक्या लांब, इतका खर्च करून माणसं येतात आणि चुकीच्या दिवशी चुकीच्या काठावर उभी राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुट्टी बघून तिकीट, पाणी बघायचं राहूनच जातं

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडे पाऊस आणि धबधबा एकत्र येतात. जुलैत आंबोलीला पाऊस कोसळला की त्याच दिवशी कडे वाहू लागतात, पाऊस थांबला की पंधरा दिवसांत ओसरतात. झांबेझीचं तसं नाही. ही नदी झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावते, अंगोलात शिरते, परत झांबियात येते आणि मग बारोत्सेच्या विस्तीर्ण पूरमैदानावर पसरते. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण वरचं पाणी त्या मैदानात मुरत-पसरत, सावकाश खाली येतं. म्हणून धबधब्याला सर्वाधिक पाणी असतं एप्रिलच्या सुमारास, म्हणजे पाऊस जवळजवळ संपल्यावर. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ढग जमून पहिल्या सरी पडू लागतात तेव्हा, धबधबा वर्षातला सगळ्यात बारीक असतो. नोव्हेंबरातलं पाणी एप्रिलच्या साधारण एक-दशांश.

आता आपल्या शाळांच्या सुट्ट्या आठवा. दिवाळीची सुट्टी बरोबर त्या कोरड्या दिवसांत येते, आणि मे महिन्याची सुट्टी इतक्या पाण्यात येते की फवाऱ्यापुढे काही दिसत नाही. मराठी कुटुंबं नेमकी याच दोन वेळांना येतात.

पुण्याची माझी मामेबहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं दिवाळीनंतर आली. पॅकेज आधीच घेतलेलं होतं, हॉटेल लिव्हिंगस्टनला, म्हणजे झांबियाच्या बाजूला. एजंटने पाठवलेल्या माहितीपत्रकावर भर पाण्यातला फोटो होता. मी फोनवर दोनदा म्हटलं की नोव्हेंबर आहे, पलीकडे राहा. "अगं, एवढा मोठा धबधबा, कुठूनही दिसेलच की," असं उत्तर आलं. आम्ही सकाळी आत गेलो. समोर पूर्वेकडचा प्रपात, ईस्टर्न कॅटरॅक्ट. काळ्या बेसाल्टचा लांबच लांब सरळ कडा, त्यावर पाण्याच्या जुन्या वाटांचे पांढुरके डाग, कपारीत वाढलेलं गवत आणि एक-दोन ठिकाणी बारीक धारा. खाली दरीचा तळ दिसत होता. आठ वर्षांच्या भाच्याने मला विचारलं, "मावशी, धबधबा बंद आहे का आज?" त्याची आई तिथेच कठड्याला टेकून गप्प उभी राहिली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे लक्षात राहील. नदीचं पात्र झांबियाच्या बाजूला थोडं उंच आहे, झिम्बाब्वेच्या बाजूला खोल. पाणी कमी झालं की उरलेलं सगळं पश्चिमेकडे सरकतं. शिवाय पूर्वेच्या टोकाला वरच्या अंगाने वीजकेंद्रासाठीही पाणी वळवलेलं आहे. त्यामुळे झिम्बाब्वेकडचे डेव्हिल्स कॅटरॅक्ट आणि मेन फॉल्स बाराही महिने वाहतात आणि झांबियाकडचा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळजवळ कोरडा पडतो. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांना पलीकडे नेलं. नव्याने व्हिसा, नव्याने प्रवेशशुल्क, सगळं पुन्हा भरावं लागलं. पण मेन फॉल्सपुढे तो मुलगा इतका वेळ उभा राहिला की हात धरून पुढे न्यावं लागलं. तिथे दरी अरुंद आहे आणि पायवाट समोरच्या कड्यावरून जाते, त्यामुळे पाण्याची कोसळती भिंत थेट डोळ्यांसमोर येते. असं समोरासमोर उभं राहणं दुसऱ्या कुठल्या मोठ्या धबधब्यापुढे मला तरी मिळालेलं नाही.

मला विचाराल तर जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ सर्वात चांगला. दोन्ही बाजूंना पाणी असतं, फवारा विरळ होतो, कडा दिसतो, हवा कोरडी असते. पहाटे चांगलीच थंडी पडते, स्वेटर हवाच. दिवाळीतच यायचं असेल तर मुक्काम झिम्बाब्वेच्या व्हिक्टोरिया फॉल्स गावात करा. तिथून धबधब्याच्या फाटकापर्यंत चालत जाता येतं. मे महिन्यातच जमत असेल तर जरूर या, पण तेव्हा धबधबा दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतो आणि अंगावर येतो. पश्चिमेच्या टोकाला, डेव्हिल्स कॅटरॅक्टपाशी, त्या दिवसांतही बऱ्यापैकी दिसतं. संपूर्ण रुंदी बघायची असेल तर हेलिकॉप्टर घ्या. खर्चिक आहे, पण भर पाण्यात ते पैसे वसूल होतात.

राफ्टिंग आणि डेव्हिल्स पूल, म्हणजे धबधब्याच्या अगदी काठावरचा डोह, हे प्रकार कमी पाण्याचे. डेव्हिल्स पूल साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तोही पाणी बघून. मे महिन्यात येऊन "आम्हाला त्या कड्यावरच्या डोहात बसायचंय" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त नदी दाखवते.

पूल ओलांडण्याआधी व्हिसा न वाचणं

दोन देशांच्या मध्ये १९०५ साली बांधलेला पोलादी पूल आहे. वरून रेल्वे, मोटारी आणि पायी माणसं, सगळे जातात. दरीवरून चालत जायला फार छान वाटतं आणि तिथेच माणसं फसतात.

नाशिकचे एक निवृत्त काका-काकू, आमच्या ओळखीचे, झिम्बाब्वेच्या बाजूला उतरले होते. व्हिसा सिंगल एन्ट्री. सकाळी हवा चांगली होती, पुलावरून चालत गेले, झांबियाचा शिक्का घेतला, धबधब्यासमोरच्या नाइफ एज नावाच्या पायी पुलावर मनसोक्त भिजले, फोटो काढले. संध्याकाळी परत आले तेव्हा झिम्बाब्वेच्या चौकीवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटसुलट बघितला आणि सांगितलं की तुमचा प्रवेश वापरून झाला, आता नवा व्हिसा लागेल. सामान, औषधं आणि उरलेले डॉलर हॉटेलच्या तिजोरीत, म्हणजे सीमेपलीकडे. खिशात दोघांत मिळून वीस-पंचवीस डॉलर. काकूंच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ टळत चाललेली. मला फोन आला तेव्हा काकांचा आवाज कापत होता. लिव्हिंगस्टनमध्ये आमच्या ओळखीचे एक दुकानदार आहेत, त्यांनी बिचाऱ्यांनी दुकान मुलावर सोपवून चौकीपर्यंत पैसे नेऊन दिले. काका-काकू रात्री हॉटेलवर पोहोचले. एका ओळीत लिहिलेली अट कोणी वाचली असती तर यातलं काहीच घडलं नसतं.

भारतीय पासपोर्टसाठीचे नियम आणि शुल्क बदलत असतात. निघण्याआधी दोन्ही देशांच्या इमिग्रेशन खात्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. भाच्याच्या मित्राने मागच्या वर्षी काय केलं, यावर विसंबू नका. दोन्ही बाजू बघायच्या असतील तर डबल किंवा मल्टिपल एन्ट्री मागा. काझा युनिव्हिसा नावाचा दोन्ही देशांचा मिळून एक व्हिसाही आहे, तो तुम्हाला मिळू शकतो का ते आधीच विचारून ठेवा. नुसता पूल बघायचा असेल तर चौकीवर "ब्रिज पास" मागा. छोटी चिठ्ठी मिळते, पुलावर जाऊन तिथूनच परत यायचं, पलीकडच्या देशात शिरायचं नाही. चोबे राष्ट्रीय उद्यानाची दिवसाची सफर म्हणजे बोत्स्वाना, तिसरा देश. त्याचे नियम वेगळे बघायचे.

माझी सवय अशी की सीमेच्या आसपास जाताना पासपोर्ट, दिवसाची औषधं आणि एका व्हिसाला पुरतील इतके डॉलर गळ्यातल्या पाकिटात असतात. पाहुण्यांनाही मी तेच करायला लावते, त्यांना ते जाचक वाटलं तरी.

छत्री आणि जीन्स

भर पाण्याच्या दिवसांत दरीतून उडणारा फवारा चारशे मीटरच्याही वर जातो आणि कित्येक किलोमीटरवरून दिसतो. हा पाऊस नुसता वरून पडत नाही, तो खालून वर येतो, बाजूने येतो, झाडांवरून गळतो. छत्री उलटते, निरुपयोगी आहे. फाटकापाशी रेनकोट भाड्याने मिळतात, पण गुडघ्याखाली तुम्ही भिजणारच. लवकर वाळणारे कपडे आणि पकड असलेले सँडल घाला. भिजलेली जीन्स दिवसभर अंगावर वागवणं फार त्रासाचं. फोनसाठी गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी भारतातूनच आणा. कॅमेरा असेल तर पहिले फोटो कोरड्या टोकाला काढून घ्या, मग तो बंद पिशवीत टाका आणि पुढचा रस्ता नुसत्या डोळ्यांनी बघा. झिम्बाब्वेच्या बाजूला डेंजर पॉइंट नावाची जागा आहे. तिथे कठडा नाही आणि खडक शेवाळलेला असतो. तिथे पाठ करून सेल्फी काढणारे दिसले की मला अजूनही धडकी भरते.

बाकीच्या, तितक्याच नेहमीच्या

खाऊची पिशवी हातात घेऊन फिरू नका. झांबियाच्या फाटकाजवळचे बबून माणसाला घाबरत नाहीत. एका मोठ्या नराला मी बाकावरच्या सॅकची चेन ओढून उघडताना बघितलं आहे. त्याने कपडे बाजूला फेकले, थेपल्यांचं पाकीट बरोबर शोधलं आणि तिथेच बसून खाल्लं. पिशवी परत ओढायला जाऊ नका, त्यांचे सुळे फार मोठे असतात.

अंधार पडल्यावर हॉटेलपर्यंत चालत जाऊ नका, अंतर कितीही कमी असो. हत्ती गावातल्या रस्त्यांवर येतात. टॅक्सी करा.

कोरड्या दिवसांत झांबियाच्या बाजूला कोणीतरी गाठतो आणि म्हणतो, कड्यावरून चालत नेतो, स्वस्तात. नाही म्हणा. डेव्हिल्स पूलला परवानगी असलेल्या गाइडबरोबर, लिव्हिंगस्टन आयलंडवरूनच जायचं. पैसे वाचवण्यासाठी शंभर मीटरच्या कड्यावर अनोळखी माणसाचा हात धरायचा, हे मला कोणत्याही वयाच्या माणसाकडून ऐकवत नाही. वरच्या शांत नदीत पाय सोडून बसणंही तितकंच चुकीचं, तिथे मगरी आणि पाणघोडे आहेत.

सकाळच्या विमानाने येऊन संध्याकाळच्या विमानाने परत, असा बेत करू नका. वारा फिरला की जिथे काही दिसत नव्हतं तिथे सगळं दिसतं, आणि इंद्रधनुष्य बघायचं तर ऊन पाठीशी हवं. म्हणून एक सकाळ आणि एक दुपार, वेगवेगळ्या जागी, हवीच. पाणी भरपूर असलेल्या महिन्यांत मुक्काम पौर्णिमेला जोडून घ्या. तेव्हा रात्री उद्यान खास उघडतात आणि चांदण्यातलं इंद्रधनुष्य दिसतं. घरच्या कॅलेंडरवर पौर्णिमा बघायला दोन मिनिटं लागतात, तरी शंभरातले नव्वद जण बघत नाहीत.

लुसाकाहून गाडीने येणार असाल तर अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघा आणि उजेडात पोहोचा. रात्री रस्त्यावर गुरं असतात आणि मागचा दिवा नसलेले ट्रक उभे असतात. शिवाय दिवसा निघालात तर वाटेत माझाबुकाचे उसाचे मळे दिसतात. आमच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांनी तिथे गाडी थांबवायला लावून शेतकऱ्याशी पाऊण तास ऊस या विषयावर बोलणं केलं.

डॉलरच्या नोटा कोऱ्या, न फाटलेल्या आणि छोट्या रकमेच्या आणा. झिम्बाब्वेत सुट्टे परत मिळणं कठीण, आणि डाग पडलेली नोट दुकानदार सरळ परत करतो. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. दोन्ही बाजूंना मलेरिया आहे आणि काही गोळ्या प्रवासाच्या आधीच सुरू कराव्या लागतात.

आणि यलो फीव्हर. मुंबईहून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे तिकीट स्वस्त मिळालं की लोक वाटेत दोन दिवस केनिया किंवा इथिओपियाही जोडून घेतात. हे दोन्ही देश भारताच्या यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. विमानतळाबाहेर पाऊल टाकलंत तर परतताना मुंबईत लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. तिकीट काढलं त्याच दिवशी केंद्राची वेळ घ्या. हे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.