पावसाळ्यात घाटात आणि कोकणात गाडी चालवताना या चुका टाळा

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर करत माणगावला उतरणाऱ्या रस्त्याने मी गेली कित्येक वर्षे भर पावसात गावी जात आलो आहे. दर जून-जुलैमध्ये त्याच चुका करणारी नवी माणसे या रस्त्यावर दिसतात. त्यांतील बहुतेकांना गाडी चालवता येत नाही असे नाही. त्यांच्याजवळ थांबण्याची तयारी नसते, एवढेच.

रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालणे, आणि बंद पडली की सेल्फ मारणे

या एका चुकीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच गाडीत घडलेली आहे. जुलैमधील संध्याकाळ होती आणि माणगाव तालुक्यातील एका आडरस्त्यावरच्या फरशी पुलावरून गढूळ पाणी वाहत होते. गाडी माझा पुतण्या चालवत होता. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेले एक गृहस्थ पुलाच्या अलीकडे उभे होते. ते म्हणाले, "दादा, वायच थांबा, पाणी उतरतंय." मी थांबायला सांगेपर्यंत पुतण्या म्हणाला, "काका, आत्ता एसटी गेली की!" आणि त्याने गाडी घातली.

एसटीचे टायर केवढे आणि आपल्या गाडीचे केवढे, हा विचार त्या क्षणी कोणी करत नाही. पुलाच्या मध्यावर पाणी बंपरपर्यंत आले, नंबरप्लेटसमोर लाट उठली आणि पलीकडचा काठ दहा-बारा फुटांवर असताना इंजिन बंद पडले. पुतण्याने लगेच किल्ली फिरवली. आतून 'ठक्' असा एकच जड आवाज आला आणि त्यानंतर इंजिन हलले नाही. पाण्याला ओढ कमी होती म्हणून गावातील चार जणांनी गाडी ढकलून बाहेर काढली. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी एअर फिल्टरचे झाकण उघडले तेव्हा आतून तांबूस पाणी ओघळले. पुढे इंजिन उतरवल्यावर वाकलेला कनेक्टिंग रॉड त्यांनी माझ्या हातात दिला. बिल पाऊण लाखाच्या वर गेले आणि विमा कंपनीने ते नाकारले, कारण आमच्या साध्या पॉलिसीत इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण घेतलेले नव्हते.

असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीचे तोंड पुढच्या जाळीमागे, साधारण हेडलाइटच्या उंचीच्या आसपास असते. समोर उठलेली लाट तिथपर्यंत पोहोचली की पाणी सिलिंडरमध्ये जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि मधला रॉड वाकतो. पाण्यात आपोआप बंद पडलेले इंजिन पुष्कळदा शाबूत असते. त्याचा घात आपण पुन्हा सेल्फ मारतो तेव्हा होतो. म्हणून गाडी पाण्यात बंद पडली तर किल्ली बंद करावी, माणसांनी बाहेर पडावे, गाडी ढकलून किंवा ओढून काढावी आणि मिस्त्रींनी स्पार्क प्लग, डिझेल असल्यास इंजेक्टर, काढून इंजिन हाताने फिरवून पाहीपर्यंत किल्लीला हात लावू नये.

इंजिनाचे नुकसान पैशांनी भरून निघते, वाहून जाण्याचे निघत नाही. लहान गाडीचे वजन साधारण नऊशे-हजार किलो असते. पाणी गाडीच्या तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले की ते सुमारे पाचशे किलोचा भार वर उचलून धरते. म्हणजे तळाच्या वर वीतभर पाणी चढले की चाकांची रस्त्यावरची पकड जवळजवळ संपते आणि मग प्रवाह नेईल तिकडे गाडी जाते. माझा नियम साधा आहे: पाणी वाहत असेल आणि पुलाच्या कडेचे दगड दिसत नसतील, तर मी गाडी घालत नाही, मग मागून कितीही हॉर्न वाजोत. साचलेल्या पाण्यातून जाणे भागच असेल, तर पुढची गाडी पूर्ण पार होऊ द्यावी, पहिल्या गियरमध्ये एकसारख्या संथ वेगाने जावे आणि मध्येच गियर बदलू नये. बाहेर आल्यावर हळू चालत्या गाडीत दोन-तीन वेळा हलका ब्रेक दाबून ब्रेक कोरडे करावेत.

शहरातील वाचकांना येथे २६ जुलै २००५ ची आठवण करून दिली पाहिजे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईत काही माणसे काचा बंद असलेल्या गाड्यांमध्ये गुदमरून गेली. भुयारी रस्त्यात पाणी चढू लागले की आधी काचा खाली घ्याव्यात आणि दार उघडते आहे तोवर गाडी सोडून द्यावी.

काचेवरचे धुके फडक्याने पुसत राहणे

आतून आलेले धुके एसी लावून, हवेचा झोत पुढच्या काचेवर सोडून आणि बाहेरची हवा आत घेऊन दोन मिनिटांत जाते. कोकणात उतरल्यावर अनेकदा काच बाहेरून धुरकटते. ती एसीच्या गारव्याने, त्यामुळे तिथे एसी कमी करून वायपर फिरवावा. वायपरचे रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होते, म्हणून मी ते दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो.

गुळगुळीत टायर अजून एक पावसाळा काढतील, असे समजणे

कायद्याने कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. ही शेवटची मर्यादा आहे, पावसाळ्यासाठी ती पुरेशी नाही; मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो. खाचेतून पाणी बाहेर फेकले गेले नाही की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि स्टिअरिंग अचानक हलके लागते. त्या वेळी ब्रेक न दाबता, स्टिअरिंग न वळवता, फक्त ॲक्सिलरेटर सोडावा.

धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणे

ही माझ्या मते सर्वांत वेगाने पसरलेली चुकीची सवय आहे आणि ती लावणाऱ्याला आपण खबरदारी घेत आहोत असेच वाटत असते. तीन वर्षांपूर्वी ताम्हिणीत दाट धुक्यात माझ्यापुढे एक गाडी चारही इंडिकेटर लुकलुकवत चालली होती. एका वळणानंतर पुन्हा तसेच दिवे दिसले, मी तीच गाडी समजून अंतर राखून चालत राहिलो, आणि अचानक ते अंतर संपू लागले. ती दुसरी गाडी होती, धबधबा पाहण्यासाठी रस्त्यातच उभी केलेली, आणि तिच्यामागे छत्री धरून दोन मुले उभी होती. माझी गाडी त्या मुलांपासून जेमतेम दोन हातांवर थांबली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चारही इंडिकेटर म्हणजे "मी उभा आहे" अशी खूण आहे. सगळ्याच गाड्या ती लावून चालू लागल्या, तर उभी गाडी आणि चालती गाडी मागच्याला वेगळी ओळखता येत नाही; शिवाय तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हेही कळत नाही. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवावेत, फॉग लॅम्प असल्यास लावावेत, अप्पर मारू नये, कारण तो प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. गाडी खरोखर थांबवायची असेल तर रस्ता सोडून पूर्ण साइडपट्टीवर घ्यावी आणि मग चारही दिवे लावावेत. धबधब्यासाठी वळणावर थांबणाऱ्यांना मी आता उतरून हात जोडून सांगतो.

पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो. धूळ, तेल आणि टायरचे रबर यांचा थर धुऊन जाईपर्यंत वेग निम्मा ठेवावा. जुलैत भाताच्या लावणीचे ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतात, तेव्हा वळणापलीकडे चिखल असणार हे गृहीत धरावे. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचत नाही, कारण आजची इंजिने गियरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ तोडतातच. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर येतो. दुचाकीवर मागे बसून छत्री उघडू नये.

राहिला रात्रीचा प्रवास. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस नदीत गेल्या. अंधारात, धुवाधार पावसात पुढचा रस्ता शिल्लक नाही हे कोणत्याही चालकाला किती उशिरा कळले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. तेव्हापासून मी पुण्याहून दुपारी दोनच्या आत निघतो आणि घाट उजेडात उतरतो. मोबाइलवरचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो म्हणून मी वरंधाकडे वळत नाही. गेल्या काही पावसाळ्यांत तो घाट दरडींमुळे बंद ठेवावा लागला आहे. पौडला चहासाठी थांबून खालून आलेल्या एसटीच्या किंवा टेम्पोच्या चालकांना मी घाटाची स्थिती विचारतो, आणि त्यांनी मान हलवली तर गाडी तिथूनच परत फिरवतो.