मर्दानगीवर डेव्हलपर विनोद: जुळवायचे कसे, फसतात कुठे

19 नोव्हेंबर, आंतरराष्ट्रीय पुरुष दिन. ऐरोली-महापेच्या ऑफिस ग्रुपवर ‘पुरुष म्हणजे सिंगल थ्रेडेड’, म्हणजे एका वेळी एकच काम जमणारा, असं टाकायचा मोह होईल, टाळा. एक तर शिळा, शिवाय तांत्रिकदृष्ट्या लंगडा. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसमध्ये कोड एका थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालतो, तरी कामं रांगेत लावून उरकणाऱ्या इव्हेंट लूपच्या जोरावर ते हजारो कनेक्शन सांभाळतं. टीममधलं कोणीतरी हे काढणार आणि विनोद तिथेच आडवा.

सुरुवात पुरुषांबद्दलच्या समजुतीपासून करा, तांत्रिक टर्म नंतर. लोक बोलतात ते वाक्य जसंच्या तसं घ्या: ‘मुलीसारखा रडतोस काय?’ आता यातली वागणूक बघा. त्रास होतोय, पण दाखवायचा नाही. कोडमध्ये हेच काम रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे चूक झेलणारा पण काहीच न करणारा तुकडा, करतो. एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) पकडतो, लॉग (नोंद) करत नाही, प्रोग्राम पुढे चालू. बिघाड निघतो भलतीकडेच आणि मूळ चूक कुठून आली ते दाखवणारा स्टॅक ट्रेस गायब. म्हणून ओळ अशी: ‘बाबांचा कॅच ब्लॉक रिकामा आहे. प्रमोशन हुकलं ऑफिसात, क्रॅश झाले आमटीच्या मिठावर.’

जवळपासची टर्म चालत नाही. साखरेचा डबा समोर असून न दिसणाऱ्या नवऱ्याला लोक 404 (वेबवरचं ‘पान सापडलं नाही’) लावून मोकळे होतात. अहो, डबा आहे की जागेवर! गडी दोन वर्षांपूर्वीच्या फळीवर शोधतोय, म्हणजे कॅश (पटकन सापडावी म्हणून साठवलेली प्रत) शिळी आहे. खारघरमध्ये सेक्टर सापडेना, तरी रिक्षावाल्याला विचारायचं नाही? ‘रीट्राय आहे, लिमिट नाही.’ बास. पुढे समजावत बसलात की गेला विनोद.

दोन वाक्यं पुरतात, टर्म होईल तितकी शेवटी. क्यूएवाल्यांसमोर (सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांसमोर) रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांच्या शर्यतीतून होणारा घोळ, खपेल. सोसायटीच्या ग्रुपवर ‘अपडेट पेंडिंग’च्या पुढे जाऊ नका.

पाठवण्याआधी नेम कुणावर आहे तेवढं तपासा. पितृत्व रजा मागणाऱ्याला ‘बीटा’ (‘अल्फा’ मर्दाच्या खालचा, दुबळा) म्हटलं की हसू त्या बिचाऱ्यावर येतं. ‘बाळ प्रोडक्शनला (प्रत्यक्ष वापरात) गेलं, बाबांची रजा अजून रिव्ह्यूत’ म्हटलं की ऑफिसच्या रीतीवर. अल्फा पुरुषावरची कोटी तशी झिजलेलीच, पण कोणी त्या रजा मागणाऱ्याला बीटा म्हणालंच तर तेवढ्यापुरती, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची (बिल्ड) नावं घेऊन, काढा: ‘अल्फा बिल्ड अर्धवट असते, गिऱ्हाइकाच्या हाती बीटाच देतात.’