नव्या कनिष्ठ लिपिकासाठी: शाळेच्या ऑफिसातला एक दिवस

ठाणे-नवी मुंबईतल्या अनुदानित माध्यमिक शाळेत रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस पोर्टलांचे पासवर्ड गोळा करण्यातच जातात. ते करायलाच हवं, पण त्याआधी जनरल रजिस्टर नंबर १ (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची मूळ नोंद असलेलं रजिस्टर) कुठल्या कपाटात आहे, त्याचे किती खंड आहेत आणि चावी कोणाकडे असते, हे बघून घ्या. दाखला, बोनाफाईड, बोर्डाचा फॉर्म, आधारची दुरुस्ती, जात पडताळणी, सगळं शेवटी या रजिस्टरच्या एका ओळीवर येऊन थांबतं. ती ओळ बरोबर असेल तर बाकीच्या चुका निस्तरता येतात.

सकाळ: हजेरी आणि आकडा

दोन पाळ्यांच्या शाळेत पहिली घंटा सातच्या आसपास होते आणि ऑफिस त्यानंतर भरतं. त्यामुळे सकाळच्या पाळीचा कर्मचारी हजेरीपट आदल्या संध्याकाळीच मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून जा. ऑफिसात आलात की आधी तो उघडा. ज्यांच्या सह्या नाहीत त्यांच्या चौकटी रिकाम्या ठेवायच्या नाहीत. रजेचा अर्ज आला असेल तर लाल शाईने 'कि.र.' (किरकोळ रजा) किंवा जी रजा असेल ती, बाहेर ड्युटीवर पाठवलं असेल तर आदेशाचा जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या कागदाचा नोंदवहीतला क्रमांक). रिकामी चौकट महिनाअखेरीस कोणीही भरू शकतं, आणि मग पगारबिलाच्या वेळी वाद तुमच्या टेबलावर येतो.

मग शिपाईमामांकडून वर्गांचे कॅटलॉग (मुलांचे हजेरीपट) मागवा आणि हजर संख्या एका पाटीवर उतरवा: इयत्ता, तुकडी, मुलगे, मुली. दहा मिनिटांचं काम आहे. त्याचा उपयोग दुपारी कळतो, कारण 'आजची उपस्थिती २ वाजेपर्यंत लिंकवर भरा' असा निरोप ग्रुपवर पडतोच.

खिडकी

पालकांसाठी ठरावीक वेळ ठेवा, उदाहरणार्थ साडेदहा ते साडेबारा, आणि ती खिडकीवर मोठ्या अक्षरात लावा. दिवसभर खिडकी उघडी ठेवणाऱ्या ऑफिसात रजिस्टरच्या नोंदी अर्धवट राहतात. अपवाद एकच: लांबून आलेला माजी विद्यार्थी. त्याला परत पाठवू नका.

बोनाफाईड, म्हणजे मूल आपल्या शाळेत शिकत असल्याचं प्रमाणपत्र, सोपं वाटतं म्हणून घाईत लिहिलं जातं. अर्ज घ्या, कारण लिहून घ्या (पासपोर्ट, आधार, जातीचा दाखला, बसपास), आणि कारण प्रमाणपत्रावरही लिहा. फोटो असेल तर शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. जावक क्रमांक टाकल्याशिवाय ते टेबलावरून हलवू नका.

रेल्वेच्या कन्सेशन फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, तिकीट खिडकीवरून मूल परत येतं. घराजवळचं स्टेशन मुलाला विचारूनच लिहा. ठाणे-वाशी मार्गावर दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, तरी सवयीने ऐरोली सांगणारी मुलं आहेत. चूक झाली तर फॉर्म फाडायचा नाही. 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायचा, नाहीतर क्रमांकांचा हिशेब लागत नाही.

शाळा सोडल्याचा दाखला

दिवसभरातलं सगळ्यात जोखमीचं काम हेच. क्रम मोडू नका.

आधी पालकांचा लेखी अर्ज, त्यावर मुख्याध्यापकांचा शेरा. मग ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वर्गशिक्षक यांची 'येणे नाही' ही सही. आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो. तो अडवून ठेवा असं कोणी तोंडी सांगितलं तर तेवढं लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

त्यानंतर दाखल्याचं पुस्तक नाही, तर जनरल रजिस्टर उघडायचं. त्या मुलाच्या ओळीत शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता, कारण आणि दाखला क्रमांक आधी लिहा आणि मगच दाखला भरायला घ्या. दाखला आधी देऊन 'रजिस्टरला नंतर चढवू' म्हटलं की ती नोंद राहून जाते, दोन वर्षांनी तोच पालक दाखला हरवला म्हणून येतो, रजिस्टर कोरं दिसतं आणि त्याला दुसरा मूळ दाखला दिला जातो. एका मुलाचे दोन मूळ दाखले ही लहान चूक नव्हे. हरवल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन जो द्यायचा त्यावर लाल शाईने ठळक 'दुय्यम प्रत' हवंच.

भरताना नजर आधार कार्डावर जाऊ द्यायची नाही. दाखल्याच्या तळाशी आपण लिहून देतो की वरील माहिती जनरल रजिस्टर नंबर १ प्रमाणे आहे. रजिस्टरला 'दिपक' ऱ्हस्व असेल तर दाखल्यावरही ऱ्हस्वच, तुमचं व्याकरण कितीही पक्कं असलं तरी. जन्मतारीख अंकात लिहून झाली की अक्षरी लिहिताना अंकांकडे न बघता पुन्हा रजिस्टरकडे बघा; अंकातली चूक अक्षरात उतरते ती इथेच. जन्मस्थळात गाव, तालुका, जिल्हा, तिन्ही हवेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदीत 'वाडा, जि. ठाणे' असेल तर ते तसंच राहू द्या, स्वतःहून पालघर करू नका.

'शाळा सोडल्याची तारीख' आणि 'दाखला दिल्याची तारीख' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावी झालेल्यांच्या शेऱ्यात परीक्षेचा महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक घाला.

भरून झाला की दोघांनी ताडून बघायचं: एकाने रजिस्टर मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने दाखल्यावर पेन्सिलीची टिंबं द्यायची. एकट्याने डोळ्यांनी तपासलं तर मेंदू जे असायला हवं तेच वाचतो. मग सही, शिक्का, आणि स्थळप्रतीवर (शाळेत राहणाऱ्या प्रतीवर) पालकांची 'मूळ दाखला मिळाला' अशी तारखेसह सही. त्याच दिवशी यू-डायस प्लसवर (शाळा आणि मुलांच्या माहितीचं केंद्र सरकारचं पोर्टल) मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाका. ते राहिलं तर नव्या शाळेला मूल आपल्याकडे घेता येत नाही आणि तिथला लिपिक रोज फोन करतो.

जातीचा रकाना

या भागात हा वेगळाच विषय आहे. आगरी, कोळी, कुणबी ही घरं इथली मूळची, आणि 'कोळी' लिहिण्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर घराचा प्रवर्ग बदलतो: महादेव कोळी आणि मल्हार कोळी अनुसूचित जमातीत येतात, सोनकोळी येत नाहीत. नव्या प्रवेशाच्या वेळी पालक तोंडी सांगतील ते लिहू नका. आधीच्या शाळेच्या दाखल्यावर जे आहे तेच अक्षरशः उतरवा. तिथे नुसतं 'हिंदू कोळी' असेल तर तेवढंच. आपण मदत म्हणून जोडलेला शब्द पडताळणी समितीसमोर बनावट नोंद ठरू शकतो.

आजोबांच्या नोंदीसाठी येणारे लोक वर्षभर असतात, कारण पडताळणीत जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. आपली शाळा त्यानंतरची असेल तर शोधत बसू नका. गावच्या जुन्या जिल्हा परिषद शाळेत जा, असं पहिल्या मिनिटाला सांगा. त्यांची एक खेप वाचते. जुनं रजिस्टर असेल तर पान झेरॉक्स मशीनवर दाबू नका, शिवण उसवते. वरून फोटो काढा आणि उतारा हाताने लिहून द्या.

रजिस्टरमध्ये चूक सापडली तर खोडरबर, व्हाइटनर, वरून गिरवणं, यातलं काहीही नाही. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे नाव, जात, जन्मतारीख यांत बदल करायला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मूल शाळा सोडून गेल्यावर तर लेखनातल्या उघड चुकीपलीकडे फारसं काही होत नाही. परवानगी आली की जुन्या शब्दावर लाल शाईची एकच रेघ, वर नवा शब्द, बाजूला आदेश क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. जुनं वाचता आलं पाहिजे.

दुपार: पोर्टल

आधार जुळत नाही म्हणून नावांची यादी लाल होते तेव्हा रजिस्टर बदलून आधारला जुळवायचा मोह होतो. उलट करायचं. रजिस्टरची नोंद जन्मदाखल्याशी जुळत असेल तर बोनाफाईड देऊन पालकांना आधार दुरुस्तीला पाठवा, आणि हे जूनमध्ये करा. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता (शाळेला किती पदं मंजूर होणार ते) ठरते आणि सप्टेंबरमध्ये आधार केंद्रांवर हीच गर्दी असते.

एक्सेलचा एक सापळा माहीत असू द्या. सरल या राज्याच्या पोर्टलचा विद्यार्थी क्रमांक १९ अंकी आहे आणि एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. फाईल जतन केली की मूळ अंक गेले. म्हणून आकडे भरण्याआधीच त्या रकान्याचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. बँक खात्याच्या सुरुवातीचं शून्य उडतं तेही याच कारणाने.

तातडीच्या माहितीसाठी शाळेची एक कुंडली तयार ठेवा. एका पानावर ११ अंकी यू-डायस क्रमांक, बोर्डाचा इंडेक्स नंबर, मान्यतेच्या आदेशांचे क्रमांक, प्रवर्गनिहाय मुलगे-मुली, मंजूर आणि कार्यरत पदं, खोल्या, स्वच्छतागृहं. दर महिन्याच्या १ तारखेला ती ताजी करा. दहापैकी आठ लिंका या पानावरून भरून होतात. भरलं की प्रिंट काढून आवक फाईलला लावा. 'तुमच्या शाळेची माहिती अप्राप्त' हे पत्र त्यानंतरही येऊ शकतं.

दहावीचे फॉर्म आले की इतर सगळं बाजूला. मराठी माध्यमाच्या रजिस्टरमध्ये नाव देवनागरीत असतं. इंग्रजी स्पेलिंग बऱ्याचदा बोर्डाच्या फॉर्मवर पक्कं होतं आणि पुढे पासपोर्टपर्यंत चालतं. 'वैष्णवी'ला व्ही की डब्ल्यू, 'ज्ञानेश्वरी'ला डी की जी, हे तुम्ही ठरवायचं नाही. पालकांच्या हातून कागदावर लिहून सही घ्या. आईचं नाव, विषय, माध्यम आणि फोटो प्री-लिस्टवर (भरलेल्या फॉर्मची तपासायची छापील यादी) मुलाला स्वतःला तपासायला लावा. सही करून घेण्याआधी त्याला दहा मिनिटं द्या, रांगेत उभं करून सही घेऊ नका. नियमित शुल्काची मुदत गेली की विलंब आणि मग अतिविलंब शुल्क, आणि ते भरायचं कोणी यावर भांडण.

वाशीला मुंबई विभागीय मंडळात जायचं असेल तर मुख्याध्यापकांचं अधिकारपत्र, ओळखपत्र, शाळेचे शिक्के, शाईचा पॅड आणि चार कोरे लेटरहेड पिशवीत टाका. एका शिक्क्यासाठी ठाण्याला परत येणं फार जिवावर येतं. कोरं लेटरहेड न्या, पण सही केलेलं कोरं लेटरहेड कधीही नाही.

पगारबिल

शालार्थमध्ये (पगाराचं सरकारी पोर्टल) बिल तयार करण्याआधी बदलांची यादी करा: बिनपगारी रजा, वेतनवाढ, निवृत्ती, कर्जाचा शेवटचा हप्ता. बिल निघालं की मागच्या महिन्याची एकूण रक्कम आणि या महिन्याची यांतला फरक काढा आणि त्यातला प्रत्येक रुपया कोणाचा, हे एका कागदावर लिहा. फरकाचा हिशेब लागला नाही तर बिल पुढे पाठवू नका. व्यवसाय कर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. मार्चमध्ये तो ३०० वरच राहून जाणं ही नेहमीची चूक.

रोख आणि कपाट

फी रोख घेतली तर पावती त्याच क्षणी, कार्बन सरळ लावून. आलेल्या पैशातून खडू-झाडूचा खर्च करायचा नाही. जमा बँकेत, खर्च बँकेतून काढून. ५,००० रुपयांवरच्या रोख रकमेच्या पोचपावतीवर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. क्यूआर कोड असेल तर तो शाळेच्या खात्याचाच हवा, तुमच्या फोनचा कधीही नाही. किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) रोज संध्याकाळी लिहून शिल्लक मोजा. शनिवारी आठवड्याची एकदम लिहायची पद्धत सोडून द्या.

पावसाळ्यात खाडीकडचा दमटपणा रजिस्टरला लागतो. खालचा कप्पा रिकामा ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, डांबराच्या गोळ्या ठेवा. रजिस्टरला जेल पेन वापरू नका, एका ओल्या हाताने ओळ पसरते.

निघताना गोल शिक्का आणि कोऱ्या दाखल्यांचं पुस्तक कुलपात गेलं का ते स्वतः बघा, मामांवर सोडू नका. आज शेवटी वापरलेला दाखला क्रमांक रोजवहीत लिहा. सकाळी पुस्तक उघडाल तेव्हा वरचं पान त्याच्या पुढच्याच क्रमांकाचं असायला हवं.