चिकटवलेला बॉल व्हॉल्व्ह फेकू नका

सोल्युशन लावून चिकटवलेलं पीव्हीसी फिटिंग ओढून निघत नाही, म्हणून जुनी लाइन बदलताना चांगला बॉल व्हॉल्व्हही (पाणी चालू-बंद करायची दांडीवाली झडप) भंगारात जातो. तो सहज वाचतो.

१. कापताना व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन इंच पाइप सोडा. बहुतेक वेळा एवढंच पुरतं! नव्या लाइनला तो तुकडा कपलरने, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या फिटिंगने, जोडायचा. कपलर व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

२. पाइप व्हॉल्व्हच्या अगदी तोंडाशी कापला गेला असेल, तर हॅकसॉचं सुटं पातं आत घालून पाइपला लांबीच्या दिशेने दोन चिरा द्या, बोटभर अंतरावर. पातं फक्त पाइपच्या जाडीइतकंच उतरू द्या. मग पटाशीने मधली पट्टी उचकटा, उरलेला पाइप पकडीने आत दुमडत काढा. हे सावकाश करायचं काम आहे. घाईत फिटिंगच्या भिंतीला चीर गेली की तिथून गळणारच.

साध्या एल्बोसाठी (पाइपला वळण देणारं फिटिंग) ही दुसरी मेहनत मी घेत नाही. पितळी आट्यांचं फिटिंग किंवा मोठा व्हॉल्व्ह असेल तरच.

पाइप मऊ करायला मेणबत्ती किंवा गॅसची ज्योत मात्र लावू नका. पीव्हीसी जळल्यावर निघणारा धूर विषारी असतो.