पूर यायच्या आधी मदतीच्या मालाचा हिशोब लावून ठेवा

कोल्हापूर-सांगलीकडे पुराच्या मदतीत उतरणाऱ्या मंडळांनी, संस्थांनी हे सगळं मे महिन्यातच उरकून घ्या, कारण कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की हिशोबाची शीट बनवत बसायला कोणालाच वेळ नसतो आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, तोपर्यंत माल गोडाऊनमधून पुढे सरकलेला पाहिजे.

आधी मालाची नावं पक्की करा. एकजण रेशन किट लिहितो, दुसरा धान्य पिशवी, तिसरा नुसतंच पॅकेट, मग शिल्लक किती ते कळतच नाही. एका किटमध्ये काय काय आणि ते किती माणसांना किती दिवस पुरेल हेपण लिहून ठेवा, शीटमध्ये नावं टाईप करायला ठेवूच नका, यादीतून निवडायची सोय करा. एडिटचा अधिकार दोघांनाच, बाकीच्यांनी फक्त बघायचं.

नेटवर्क जाणार हे धरूनच चाला. २०२१ ला २२ जुलैला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा लाईट गेली, फोन लागेनात. म्हणून कोबो टूलबॉक्ससारखा मोबाईलवर माहिती भरायचा फॉर्म घ्या, तो नेट नसताना भरता येतो आणि रेंज आली की वर जातो, पण फॉर्म आधी फोनमध्ये उतरवलेला पाहिजे हं. एकदा डेटा बंद करून भरून बघा. पॉवर बँक चार्ज करून ठेवा. आणि कार्बनवालं चलनबुक घ्याच, एक प्रत गोडाऊनला, एक ड्रायव्हरकडे, एक माल उतरवून घेणाऱ्याला, ड्रायव्हरच्या प्रतीवर माल उतरवून घेणाऱ्याची सही म्हणजे आपली पोच. गाडी नंबर, ड्रायव्हरचा फोन, सुटल्याची वेळ, किती नग. उतरवताना मोजलेला आकडा वेगळ्या रकान्यात लिहा, पाठवलेला आकडा खोडू नका, दोन्हीतला फरक दिसायलाच हवा.

रस्त्याचं पण आत्ताच ठरवा. २०१९ ला कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला नि कित्येक दिवस बंद होता, गोडाऊन एकाच बाजूला असेल तर पलीकडच्या गावांना काय देणार? शिरोळ तालुक्याकडे वेगळा साठा ठेवा.

काम कसं चाललंय ते गाड्या किती सोडल्या यावरून ठरवू नका प्लीज. मागणी आल्यापासून माल हातात पडेपर्यंत किती तास गेले ते बघा, आणि कुठल्या गावाची मागणी अजून तशीच पडून आहे ते रोज संध्याकाळी बघा, कारण हायवेलगतच्या गावात तीन-तीन संस्था पोचतात आणि आतल्या वाडीत कोणीच जात नाही. जुने कपडे नको म्हणून आधीच जाहीर करा, ते निवडण्यात माणसं अडकतात.

शेवटचं, पण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. कुटुंबप्रमुखाचं नाव, गाव, घरात माणसं किती, तान्हं बाळ किंवा आजारी कोणी आहे का, एवढं वाटपाला पुरतं.